कोपराखाली चार बोटं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळदुर्गात एका अर्धवट घराच्या स्लॅबवर उभा राहून लोकांना अक्कल शिकवत होतो. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यापासून माझा हा एक धंदाच होऊन बसलाय, फुकटचा. कुणी घर काढलं की मला बोलावतं. मी जातो, चहा घेतो आणि चुका सांगतो. काळ्या मातीत पाया संपवू नका, मुरूम लागेपर्यंत खणा. शोषखड्डा बोअरपासून लांब ठेवा. विटा भिजवल्याशिवाय लावू देऊ नका. खिडकीवर छज्जा विसराल तर पावसाळ्यात माझी आठवण काढाल. त्या दिवशीही माझी ही पोपटपंची रंगात आली होती, आणि खिशात फोन वाजला. भाचा संदीप होता. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी फोन खिशात ठेवला. घरमालक अजून माझ्या तोंडाकडे बघत होता, आता पुढची चूक कोणती म्हणून. मला जावं लागतंय, असं म्हणून मी खाली उतरलो.

तुळजापूरला एसटी बदलून धाराशिवला पोचेपर्यंत दुपार झाली होती. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, हॉलमध्ये बायका बसल्या होत्या. एक जण म्हणत होती, सुटली बिचारी. दुसरी म्हणाली, सोन्यासारखं घर सोडून गेली. सोन्यासारखं घर! मला त्या बाईचा इतका राग आला की मी चपला न काढताच पुन्हा अंगणात जाऊन उभा राहिलो. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. घर खरंच चांगलं आहे. बावीस वर्षांत भिंतीला केसाएवढी चीर नाही की छतातून थेंब गळला नाही. नकाशा माझा, देखरेख माझी. चूक शोधायला निघालात तर हात हलवत परत याल, असं हे घर आहे. आणि याच घरानं माझ्या बहिणीचा जीव घेतला, असं मी म्हटलं तर लोक म्हणतील म्हातारपणी डोकं फिरलं. म्हणू देत.

या पुरवणीचे संपादक माझ्या ओळखीचे. 'घर बांधताना टाळायच्या चुका' यावर लिहा, सामान्य माणसाला उपयोग होईल, असं ते कधीपासून म्हणत होते. आक्काला जाऊन आता सहा आठवडे झाले. लिहायला बसलो तर दुसरं काही सुचेना. तेव्हा हा तो लेख नाही... किंवा हाच आहे.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव तेरच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. आई दिवसभर रानात, त्यामुळं मला अंघोळ घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं. उंचीनं साडेचार फूट, वर फार तर एखादं बोट. सातवीत गेल्यावर मी तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागलो, आणि तिला बुटके म्हणून चिडवायला लागलो. ती म्हणायची, मिरची केवढी असती रे, आणि पाठीत एक धपाटा ठेवून द्यायची. तोंडानं फटकळ, पण मागणं कधी काही नाही. आणि भाकरी... तिच्या भाकरीबद्दल लिहायला मला शब्द कमी पडतील म्हणून फक्त एवढंच सांगतो, की आमच्याकडं जिथं घराघरात ज्वारीच्या भाकरीशिवाय घास उतरत नाही, तिथंसुद्धा बायका तिची भाकरी बघायला यायच्या. एक गुडघा वर, एक पाय मोडून, लाकडाच्या काठवटीवर वाकून ती थापायची. भाकरी मनगटाच्या जोरानं होत न्हाय, पाठीच्या वजनानं होती, असं ती सांगायची. लग्नानंतर धाराशिवात भाड्याच्या दोन खोल्यांत वीस वर्षं काढली, तिथंही शेगडी जमिनीवरच होती. आक्का खाली बसून सैपाक करायची आणि तिथूनच सगळ्या घराशी बोलायची.

दाजी हायस्कुलात हेडमास्तर. सरळ माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही. निवृत्तीआधी घर व्हावं म्हणून त्यांनी सांजा रोडच्या बाजूला प्लॉट घेतला. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही, घर काढलं की माणूस दिसेल त्याला विचारत सुटतो. दाजींनी वास्तुवाल्याला विचारलं, त्यानं सैपाकघर आग्नेयेला ढकललं. शेजारच्या वकिलाला विचारलं, त्यानं पोर्च बांधायला लावला, गाडी आजतागायत आलेली नाही. गेटच्या रंगासाठी शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना आणलं होतं. आणि मला तर काय, रोज विचारायचे. मी दर रविवारी नळदुर्गाहून यायचो, हातात टेप, खिशात पेन्सिल. खोलीखोलीचं माप मला तोंडपाठ होतं. पलंग कुठं बसेल, कपाटाचं दार कुणीकडं उघडेल, दाजींची आरामखुर्ची ठेवून माणूस जायला वाट किती उरेल, सगळं मी मोजलं होतं. आक्का यायची ती डब्यातून भाकरी घेऊन. मिस्त्रीला, मजुरांना, मला वाढायची आणि डबा घासून परत जायची. तिला एकदाच विचारलं होतं, देवघर कुणीकडं पाहिजे म्हणून. ती काही बोलायच्या आत वास्तुवाल्यानं ईशान्य सांगून टाकली.

ओट्याचं काम निघालं तो रविवार होता. रहीम मिस्त्री हा आमचा जुना गवंडी, शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, पण ओळंबा न लावता भिंत सरळ उचलायचा. ओट्याच्या दोन बाजूच्या भिंती कमरेपर्यंत आल्यावर त्यानं थापी खाली ठेवली आणि मला म्हणाला, "सायब, बाईला जरा उभं करा हितं. हात दुमडून कोपराखाली चार बोटं धरायची, तिथं वटा. आमी समद्याच घरात तसंच करतो."

मला हसू आलं. मी डिप्लोमावाला! त्याला म्हटलं, मिस्त्री, ते खेड्यातलं झालं. ओटा पावणेतीन फूट असतो, सगळीकडं तेवढाच असतो, त्याचं ठरलेलं माप आहे. त्यानं थापी पुन्हा उचलली, पण आक्का तिथंच डबा उघडत होती. ती उठून त्या अर्धवट भिंतीजवळ गेली, हात दुमडून उभी राहिली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बापू, ह्यो लई वर जातुय. जरा खाली घेता येतुय का बघ की."

मी म्हणालो, "आक्का, सवय होईल."

दोन शब्द. त्यानंतर मी कडप्पा बसवून घेतला आणि पातळी बघितली. पातळी अगदी बरोबर होती.

वास्तुशांतीला आलेल्या बायकांनी ओट्यावरून हात फिरवून बघितले. दाजी अभिमानानं सांगत होते, आता आमच्याकडं उभ्यानं सैपाक! त्या वेळी आमच्या भावकीत उभ्याचा ओटा कुणाकडं नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आक्कानं लग्नातला शिसवी पाट ओट्याखाली ओढला आणि त्यावर उभी राहून ती भाकरी थापायला लागली. मी बघितलं तेव्हा म्हटलं, काय आक्का, स्टेजवर चढलीस? सगळे हसले. तीही हसली. मला तो विनोद इतका आवडला की पुढं दोन-तीनदा केला.

तरी पाटानं काम भागत नव्हतं. पाट असतो चार बोटं उंच, आणि ओट्यावर काठवट ठेवली की तेवढीच उंची पुन्हा वर चढते. वजन टाकायला पाठ वाकायची नाही, त्यामुळं सगळा भार खांद्यावर. भाकरी थापताना तिचे खांदे कानाला लागायचे. शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात बघायचं तर पाटावरसुद्धा टाचा उचलायच्या. पहिल्याच वर्षात तिनं दाजींना सांगितलं होतं की मी आपली खालीच शेगडी मांडते. दाजी म्हणाले, एवढं घर बांधून तू खाली बसणार, लोक काय म्हणतील, हेडमास्तरानं ओटासुद्धा नीट बांधला नाही? तसं त्यात ओरडणं-बिरडणं नव्हतं. समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. विषय संपला. पुढं तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टर वय झालं म्हणाले, कुणी वात म्हणालं, मीही एक तेलाची बाटली नेऊन दिली. ओव्हरसियर माणूस, बहिणीच्या खांद्याला तेल नेतो, पण तो खांदा का धरला हे त्याच्या डोक्यात येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

येत नव्हतं असं तरी कसं म्हणू... संदीपच्या लग्नाआधी घराला रंगरंगोटी निघाली तेव्हा एक संधी आली होती. कडप्पा डागाळला होता, तिथं ग्रॅनाइट टाकायचं ठरलं. आक्का म्हणाली, फोडतायच तर मग वटा खाली घ्या. दाजींनी माझ्याकडं बघितलं. फोडायचं म्हणजे धूळ, नळ हलवायचा, टाइल्स उकरायच्या, लग्न महिन्यावर आलेलं. आणि मला एक युक्ती माहीत होती. मी म्हणालो, फोडायचं कशाला, कडप्प्यावरच ग्रॅनाइट चिकटवू, एका दिवसात काम. सगळ्यांना ते पटलं. दाजींनी माझी पाठ थोपटली. ओटा बोटभर आणखी वर गेला. दुसऱ्या पाटाचा तुकडा कुठून तरी आणून आक्कानं पहिल्या पाटाखाली सारला.

गेल्या साली, दिवाळीनंतरची गोष्ट. माझं कलेक्टर कचेरीत काम होतं. सकाळी फोन करून सांगितलं की जेवायला येतो. मी न सांगता कधी तिच्याकडं गेलोच नाही, तिची धावपळ नको म्हणून. गेलो तेव्हा दाजी हॉलमध्ये होते. आतून येसराच्या आमटीचा वास येत होता. आम्ही दोघं शेजारच्या वकिलाच्या गळक्या स्लॅबवर बोलत होतो. मी त्याच्या चुका मोजून दाखवत होतो, आणि आत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. पाट उलटला होता. आक्का फरशीवर एका कुशीवर पडली होती, हाताला ओलं पीठ, अर्धी थापलेली भाकरी शेजारी. मी धरायला गेलो तर म्हणाली, तव्यावरली काढ आदी, करपंल. मी गॅस बंद केला. तिला उठता येईना.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोलापूरला ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण आक्का पुन्हा पायावर उभी राहिली नाही. आधी वॉकर आला, मग तो कोपऱ्यात गेला. मग जेवण कमी झालं. सून अश्विनी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी सांभाळून सगळं करायची, तिला नावं ठेवायला जागा नाही. मी दर आठवड्याला जायचो आणि पलंगाशी बसून इकडचं तिकडचं बोलायचो. पण खरं बोलायचं धाडस व्हायला चार महिने लागले. जाण्याआधी आठ-दहा दिवस असतील. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, आक्का, ओट्याचं माझं चुकलं.

माझी खात्री होती, ती म्हणणार, जाऊ दे रे बापू. आयुष्यभर तिनं तेच म्हटलं होतं. मी तिची पाटी फोडली तेव्हा, बापाच्या जमिनीच्या हक्कसोडीवर तिची सही घेतली तेव्हा, तिच्या आजारपणात आलो नाही तेव्हा. सही करतानासुद्धा तिनंच मला चहा करून दिला होता. तेवढं एक 'जाऊ दे' घेऊन मोकळं व्हावं म्हणूनच मी गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

तिनं हात सोडवून घेतला नाही. पण म्हणाली, "व्हय, चुकलंच. म्या सांगितलं हुतं तुला. दोनदा सांगितलं हुतं." आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी बसून राहिलो. ती पुन्हा वळेल असं वाटत होतं. नंतर अश्विनी औषध घेऊन आली, तेव्हा उठलो.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी पाणी प्यायला सैपाकघरात गेलो. ओट्यासमोर उभं राहायचं मी इतके दिवस टाळलं होतं. अश्विनी भांडी लावत होती. ती उंच आहे, तिला तो ओटा अगदी बरोबर बसतो. मी ओट्याकडं बघतोय हे तिनं बघितलं असावं. तिनं हातातलं पातेलं ठेवलं. मग ओट्याखालचा फुलाफुलांचा पडदा बाजूला करून म्हणाली, "मामा, तुम्हाला दाखवू का नको कळत नव्हतं."

पडद्यामागं एका बर्नरची छोटी शेगडी होती, खाली जमिनीवर ठेवायची. सिलेंडरपासून तिथपर्यंत दुसरी नळी आणलेली. बाजूला काठवट उभी टेकवलेली. मी खाली बसलो, गुडघे दुखत असतानाही. भिंतीला एक खिळा मारला होता, जमिनीपासून हातभर उंच, त्याला तवा अडकवलेला. डाव्या हाताला पिठाचा डबा, उजव्या हाताला मिठाची बरणी आणि पाण्याचा तांब्या. बसल्या जागेवरून काहीच लांब नव्हतं. फरशीचा एवढाच तुकडा घासून पांढरट झाला होता. अश्विनीनं सांगितलं की आई सहा-सात वर्षं इथंच बसून भाकरी करायच्या. अण्णांना, म्हणजे दाजींना, माहीत होतं, ते बघून न बघितल्यासारखं करायचे, त्यांचा तो हट्ट कधीच गळून पडला होता. खांदाही त्यामुळं बराच हलका झाला होता.

मला काही समजेना. म्हटलं, मग ती पाटावरून पडली कशी?

अश्विनी भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमचा फोन आला की त्या शेगडी आत सारायच्या आणि पाट काढायच्या. म्हणायच्या, बापूनं बांधलंय, त्येला वाईट वाटंल."

आता यावर मी काय लिहू... इतकी वर्षं मी तिच्या हातची भाकरी खायला म्हणून जायचो, आणि ती माझ्यासाठी त्या पाटावर चढायची. दाजींसाठी नाही, लोकांसाठी नाही. माझा नकाशा चुकलाय हे मला कळू नये म्हणून. मी जेवायला गेलो नसतो तर त्या दिवशी ती खालीच बसली असती. आणि असं असूनही शेवटी विचारल्यावर ती खोटं बोलली नाही, हेही तिचंच. दोन्ही आक्काच. मला तिचा राग आला, खरं सांगतो. एकदा तरी शेगडी पुढं ओढून माझ्या तोंडावर म्हणायचं होतं की बघ इंजिनेरा, असा असतो ओटा. पण हे मी तिला आता सांगतोय. बैल गेला आणि झोपा केला.

या घरात एकच काम बिनचूक झालं आहे, ते हे दोन फूट बाय तीन फूट. ते तिनं एकटीनं केलं, टेप न लावता.

मी फरशीवरच बसलो होतो. अश्विनीनं पदर खोचला आणि विचारलं की मामा, ह्याचं काय करायचं, शेगडी काढून टाकू का राहू दे, आणि ओटा फोडायचा असला तर आताच फोडू का, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही सांगाल तसं! माझ्या तोंडाशी उत्तर आलंच होतं, सवयच ती. मी ते गिळलं.

म्हटलं, "सैपाक तू करतीस. तुला कसं पाहिजे ते सांग."

बावीस वर्षांपूर्वी याच जागेवर विचारायचा प्रश्न मी त्या दिवशी विचारला, तोही दुसऱ्याच बाईला.